काकूंचा नेम

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीत जिकडे बघावं तिकडे कॉम्प्युटर क्लास निघाले होते. आमचा क्लास पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. त्यामुळे सगळे माऊस अडखळत चालायचे. दर आठवड्याला ते उलटे करायचे, आतली गोळी काढायची आणि चिकटलेलं पीठ नखाने खरवडायचं, हे काम माझं. मी एकोणीस वर्षांचा, क्लासमधला सगळ्यात जुना विद्यार्थी, आणि स्वतःला सरांचा उजवा हात समजणारा. रविवारी सर दुपारचे जेवायला घरी जात आणि चारपर्यंत झोपत. किल्ली माझ्याकडे असायची. सर जिना उतरले की आम्ही तिघे मित्र एकमेकांना जोडलेल्या मशीनवर बंदुकीचा गेम लावायचो आणि एकमेकांना यथेच्छ मारायचो.

त्या तिघांत मी राजा होतो. माऊसवर माझ्यासारखा नेम कोणाचाच नव्हता. हे मीच सांगतोय, कारण तेव्हासुद्धा मलाच सांगावं लागायचं.

मग काकू आल्या. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या, वय पंचेचाळीसच्या आसपास, ठाण्याच्या एका ऑफिसात टायपिस्ट. ऑफिसातून टाइपरायटर जाणार होते आणि दोन महिन्यांनी सगळ्या टायपिस्टांची कॉम्प्युटरवर परीक्षा होती. नापास होईल त्याची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये. काकूंना दमा होता. जुन्या फायलींच्या धुळीत आपण महिनाभरही काढणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सरांना सांगून टाकलं होतं.

कीबोर्डवर त्यांची बोटं चालायला लागली की सरसुद्धा बघत उभे राहायचे. पण माऊस हातात आला की त्याच हाताचं लाकूड व्हायचं. पडद्यावरचा बाण वर न्यायचा म्हणून काकू अख्खा माऊस हवेत उचलायच्या. "हे बटणांनी नाही का करता येत?" एवढं एकच त्या विचारायच्या. परीक्षेत तक्ते आखायचे होते, आणि सरांनी शिकवलेलं ते सगळं माऊसनेच.

एका रविवारी त्या सरावाला आल्या आणि आमचा गेम बघत बसल्या. नाक मुरडतील असं वाटलं होतं, तर म्हणाल्या, "कीबोर्डवर चालतं का रे हे?"

चालायचं. कीबोर्डवर खेळणाऱ्याला बंदूक वर-खाली करता येत नसे, म्हणून गेममध्येच एक सोय होती. समोरचा साधारण त्या दिशेला असला की नेम आपोआप लागायचा. मी उदार मनाने काकूंना ती सोय लावून दिली. लहानपणी आम्ही धाकट्या भावंडांना कच्चा लिंबू म्हणून खेळायला घ्यायचो ना, तसं.

कच्च्या लिंबाने मला पहिल्या डावात अकरा वेळा मारलं.

मित्र खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. मी म्हणालो, "काकू, ही चीटिंग आहे! नेम तुम्ही नाही, कॉम्प्युटर धरतोय."

"अरे, पण बटणं मीच दाबत्येय ना?"

"मी माऊसवर किती मेहनत घेतल्येय!"

"मी बावीस वर्षं टाइप करत्येय. ती नाही का मेहनत?"

दोन रविवार हेच चाललं. मी हरायचो आणि नियमांवर भाषण द्यायचो. "रडी खातोय रे हा," मित्र म्हणायचे. शेवटी काकूच कंटाळल्या. "बरं बाबा, काढ तुझी ती मदत. पण मग मी वर-खाली बघू कशी?"

"माऊसने," मी म्हणालो. माझ्या डोक्यात फक्त माझी गादी होती. त्यांची परीक्षा माझ्या ध्यानीमनीही नव्हती, हे कबूल करायला आजही लाज वाटते.

त्यानंतर काकूंचा सैनिक एक तर छताकडे बघत उभा असायचा नाही तर स्वतःच्या बुटांकडे. मी त्याला आरामात मारायचो. वीस-शून्य, वीस-शून्य. पण काकू उठायच्या नाहीत. "पुन्हा लाव," म्हणायच्या. हळूहळू त्यांचं माऊस उचलणं बंद झालं. क्लासमध्ये तक्त्याच्या रेघा सरळ यायला लागल्या. सर म्हणाले, "माझी शिकवण्याची पद्धत!" आम्ही तिघांनी माना डोलावल्या.

परीक्षेच्या आदल्या रविवारी काकू फार घाबरलेल्या होत्या. माऊस पुन्हा हवेत उचलला जात होता. एकदा तरी जिंकू द्यावं बाईला, म्हणून त्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी त्यांच्या मशीनवर गुपचूप ती नेमाची मदत लावली. त्यांनी मला लागोपाठ तीनदा मारलं. चेहरा काय फुलला होता! चौथ्यांदा मी मेलो आणि त्या थांबल्या.

"माझी बंदूक भिंतीकडे होती. तू कसा मेलास?"

मी माऊस उलटा करून त्यातली गोळी बघायला लागलो.

"उद्या ऑफिसात कोण लावून देणार आहे ही मदत? तू येणारेस?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "काढ ते. आणि दया दाखवलीस तर याद राख."

मी काढलं. मग मन लावून खेळलो, अगदी दुष्टपणे. चौदा-शून्य झालं. पंधराव्या वेळी मी गेममधल्या खोक्यांआडून बाहेर पडून त्यांच्या पाठीमागे जाणार, तेवढ्यात त्या सावकाश वळल्या, बंदूक जराशी वर केली आणि मला उडवलं.

"शपथ घे," काकू म्हणाल्या. "मुद्दाम मेला नाहीस ना?"

"नाही हो! जरा उशीर झाला मला, नाही तर... पीठ अडकलं असणार माझ्या माऊसमध्ये, आणि तुमची जागा पण चांगली होती, आणि..."

मी बोलतच सुटलो होतो. कान तापले होते, माऊस आपटून झाला होता, मित्रांकडे बघवत नव्हतं. काकूंनी माझा फुगलेला चेहरा नीट निरखून पाहिला. त्यांचा माऊस केव्हापासून टेबलावरच टेकलेला होता, त्यांनाही कळलं नसावं.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, पर्स उचलली आणि लवकर झोपायचंय म्हणून घरी गेल्या.