शून्य लिहिणारे हुसेनचाचा

"पाऊसच नाही, तर लिहायचं काय चाचा?" कुंपणापलीकडून कचेरीच्या शिपायाचा आवाज आला.

"शून्य लिहायचं. रिकामं सोडलं तर पुण्याच्या साहेबांना कळणार कसं, पाऊस आला नाही की हुसेन आला नाही?"

इगतपुरीला कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होतं आणि लागूनच आमचं घर. वडील रेल्वेचे डॉक्टर. मी मिशनच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन नुकतीच परतले होते. मराठी बोलताना अडखळायचे, म्हणून बोलायचेच कमी. कारकून हुसेनचाचांना ते चालायचं. रोज सकाळी आठला ते बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतत, इंच आणि सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, वाचत, मग पाणी फेकून देत. नंतर मान वर करून आभाळाचे मनातल्या मनात दहा भाग करत आणि किती भाग ढगांनी झाकलेत ते लिहीत. मग पुण्याच्या वेधशाळेला तार.

"उद्याचा अंदाज साहेब सांगतात बेटी, पण आपल्या आजच्या आकड्यावरून. इथं मी चुकलो की तिकडे त्यांचा उद्या चुकला."

आता चाचा नाहीत. आभाळ भरून आलं की मी अजून त्याचे दहा भाग करते.

एका श्रावणात ते तापाने पडले. आठ वाजून गेले तरी कोणी येईना. शेवटी मीच कुंपण ओलांडलं, पाणी मोजलं आणि त्यांच्यासारखंच फेकून दिलं. आकडा माझ्या वहीत राहिला. कचेरीत जाऊन सांगायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या सकाळी चाचा शाल गुंडाळून आले, तर बाटली कोरडी. अव्वल कारकून मागेच उभे होते.

"परवा बाजारात गुडघाभर पाणी होतं, काल मोजायला कोणी आलं नाही, आणि तुमच्या बाटलीत थेंब नाही? सांडलंत तुम्ही. आता अंदाजाने दोन इंच लिहा, नाहीतर हे काम दुसऱ्याकडे देतो."

"न मोजलेला पाऊस मी लिहीत नाही, रावसाहेब. काम खुशाल काढून घ्या."

चाचांनी मापाची काच शालीला पुसली आणि त्यांच्यापुढे धरली. मी कुंपणाशीच होते. आधी इंग्रजी वाक्य ओठांवर आलं. ते गिळलं.

"ते पाणी काल मी फेकलं, चाचा. मोजून फेकलं. दोन इंच चौदा सेंट."