गफूरभाईंचं मोकळं अक्षर

फ्लेक्सचं मशीन आलं आणि आमचे ब्रश वाळले. किस्से मात्र वाळेनात. परवा एका लग्नात आम्ही तीन जुने पेंटर शेजारी शेजारी जेवायला बसलो. वाढपी जिलबी घेऊन दोनदा येऊन गेला, आणि आमचं आपलं "ते आठवतं का रे" चालूच. शेवटी तो म्हणाला, "काका, तुमचं होऊ द्या, मी उद्या येतो."

तर दुकान शहागंजच्या मागं. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं संभाजीनगर. मालक आणि उस्ताद गफूरभाई. हाताखाली आम्ही दोघं. मी फुलंब्रीहून एसटीनं येणारा, आणि मिलिंद, विद्यापीठाच्या पायथ्याशी राहणारा.

बाकीचे पेंटर पट्टी लावून ताठ अक्षरं काढायचे. आमच्याकडं गिऱ्हाईक यायचं ते मोकळ्या अक्षरासाठी. कुणीतरी खुशीत येऊन हातानं भरभर लिहून गेलंय असं वाटणारं अक्षर. दिसायला एकदम सोपं.

मी आठ दिवस गिरवलं आणि मोठ्या ऐटीत पाटी पुढं धरली. गफूरभाईंनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"मोकळा बोला था रे," ते म्हणाले. "ये तो सुटेला है."

* * *

चिकलठाण्याकडं तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. एका कारखान्यात मुंबईहून नवे मॅनेजर आले. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की कामगाराला आपलेपणा वाटला की काम वाढतं. म्हणाले, "सगळे बोर्ड हातानं लिहिल्यासारखे पाहिजेत. फ्रेंडली."

गफूरभाईंनी एकदाच विचारलं, "साब, धोके का बोर्ड छोड के?"

"सगळे."

आम्ही लिहिलं. 'धोका, ४४० व्होल्ट'. मिलिंदनं ध ला अशी काही गोलाई दिली की बघत राहावं.

पंधरा दिवसांनी मॅनेजर राउंडला निघाले, तर विजेच्या पेटीच्या कडीला डबा लटकवलेला, आणि बोर्डाखाली पैठणकडचा एक कामगार मांडी घालून भाकरी खात बसलेला. साहेब धावतच गेले.

"वाचता येत नाही का तुला?"

"येतं की साहेब," तो म्हणाला. "पन लई प्रेमानं लिवलंय. मला वाटलं, बसा म्हनतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही लाल रंगाचा डबा आणि पट्टी घेऊन परत तिथंच.

* * *

कन्नडकडचे एक म्हातारे आले. धनगराचे. हयातभर मेंढरं राखली, आता पोरानं जीप घेतली होती. त्यांना जीपवर बायकोचं नाव पाहिजे होतं. बायको वर्षापूर्वी गेलेली.

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात तिनं सही शिकली होती, ती सही. 'सखबाई' असं लिहिलेलं. ख चा उकार राहून गेलेला, आणि ब जरा कलंडलेला.

काम माझ्याकडं आलं. मी शहाणपणा केला, उकार दिला, ब सरळ केला. म्हाताऱ्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि हळूच म्हणाले, "ही कोन हाय?"

गफूरभाईंनी रॉकेलच्या फडक्यानं ते नाव पुसलं, कागद बॉनेटवर ठेवला आणि स्वतः बसले. चार अक्षरं आणि एक काना, तासभर लागला. उकार नाही, ब कलंडलेला. म्हातारे बोट न लावता नुसते जवळ उभे राहिले.

पुढं कळलं, घाटाच्या अलीकडं एक मास्तर जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "बाबा, शुद्धलेखन चुकलंय तुमचं."

म्हातारे म्हणाले, "माझं नाय, तिचं हाय. वर गेलात की सांगा तिला."

* * *

नामांतराची ती वर्षं. विद्यापीठाच्या नावावरून शहर दोन तोंडांचं झालेलं. मिलिंद मोर्चाचे फलक लिहायचा, ते आम्हाला माहीत होतं. एक दिवस विरोधातले एक गृहस्थ बॅनर घेऊन आले. गफूरभाई नमाजला गेलेले, दुकानात आम्ही दोघंच. मी घाबरून मिलिंदकडं पाहिलं.

"लिहितो की," मिलिंद शांतपणे म्हणाला. "पण पट्टी लावून लिहीन."

"का? तुमचं ते मोकळं अक्षर पाहिजे."

"ते हाताला पटावं लागतं, साहेब."

त्यानं लिहिलं. एक रेघ वाकडी नाही, एक चूक नाही. गृहस्थ तोंड वाकडं करून म्हणाले, "हे तर नळपट्टीच्या नोटिशीसारखं दिसतंय."

"व्हय," मिलिंद म्हणाला. "कुणी थांबून वाचत नाय बघा ते."

* * *

आणि हा शेवटचा.

एके सकाळी एका सरकारी कचेरीच्या लांब भिंतीवर पुरुषभर उंचीची अक्षरं उगवली. 'नामांतर झालेच पाहिजे'. मोकळी अक्षरं. अख्खं शहर बघायला लोटलं.

नवे फौजदार हुशार होते. अक्षरावरून माणूस ओळखता येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी भागातले नऊ पेंटर चौकीवर बोलावले आणि मागच्या ताज्या चुन्याच्या भिंतीवर एकेकाला तेच वाक्य लिहायला लावलं. मीही लिहिलं. माझ्यानंतर मिलिंदनं लिहिलं. चौकीच्या भिंतीवर नऊ वेळा 'नामांतर झालेच पाहिजे'.

नवांचाही झ एकसारखा. सगळे कधी ना कधी गफूरभाईंच्या दुकानात शिकलेले.

मग गफूरभाईंना बोलावलं. फौजदार म्हणाले, "उस्ताद, ह्यातला कोण?"

गफूरभाई भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले. मिलिंद माझ्या शेजारी नखांतला रंग खरवडत उभा.

"साब, सबका हाथ मेराच है," ते म्हणाले. "पकडना है तो मेरे को पकडो."

फौजदारांनी त्यांच्या पांढऱ्या दाढीकडं पाहिलं. मग भिंतीकडं. "पुसा ते सगळं," ते हवालदाराला म्हणाले, "आणि ह्यांना घालवा."

हवालदार खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, ऑइल पेंट आहे."

आम्ही तिघं चालत परत निघालो. कचेरीची ती भिंत आली तसे गफूरभाई थांबले. पाच-सहा पावलं मागं गेले, डोळे बारीक करून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"मिलिंद," ते म्हणाले, "यहाँ का झ अच्छा था. वहाँ हाथ कायको काँपा?"