तारामाशातला काटा

करंजा गावची गोजरा सकाळी उरणच्या बाजारात मासळी विकायची आणि ओहोटी लागली की कालवं काढायला खडकांत उतरायची. १९५८च्या मे महिन्यात तिला वेगळंच काम लागलं. मुंबईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मालतीबाई सुट्टीत तिच्या पडवीत उतरल्या होत्या आणि त्यांना जिवंत तारामासे हवे होते. जाळ्यात आले तर शिव्या खाणारे हे जीव बाई जपून ठेवतात, याचं गावाला हसू येई. "गोजरे, त्याचा कालवन कसा लागतो गो?" शेजारची पुतळाबाई विचारी. गोजरा मनावर घेत नसे. आजवर मासळीच्या भावाखेरीज तिला कुणी काही विचारलं नव्हतं. बाई मात्र कोणता जीव कुठल्या कपारीत राहतो ते विचारत आणि लिहून घेत.

जायच्या दोन दिवस आधी मालतीबाईंनी आठ तारामाशांच्या कातडीखाली बाभळीचा एकेक बारीक काटा खुपसला आणि त्यांना समुद्राच्या पाण्यात, घमेल्यात ठेवलं. पाणी बदलायला गोजराला सांगून दुसऱ्या दिवशी त्या कामाला उरणला गेल्या. परतल्या तेव्हा एकाही माशात काटा नव्हता.

काटे आपणच काढले, गोजराने खाली बघतच सांगितलं. शिंगाळा माशाचा काटा हातात रुतला की हातातलं काम टाकून आधी तो काढायचा, हीच तिच्या घरची रीत. "मना नाय बघवला, बाई. मुका जीव हाय."

मालतीबाई रागावल्या नाहीत. नुसती वही मिटून बसल्या. तेच गोजराला लागलं. उद्या मोऱ्याच्या बंदरातून मुंबईची लाँच, पुन्हा काटे घालायला वेळ नाही. पुढच्या वर्षी बाई दुसरं गाव धरणार, हे तिने ओळखलं.

मग बाईंनी विचारलं, काटे कुठे टाकले? टाकले नव्हते. लोक अनवाणी चालतात, म्हणून काटा वाटेवर न टाकता चुलीत घालायचा. चूल पेटायची होती. काढताना खाली धरलेल्या करवंटीतल्या खाऱ्या पाण्यात ते तसेच पडले होते, प्रत्येकाला पांढुरका चिकट लेप.

बाईंनी तो लेप सोबत आणलेल्या मायक्रोस्कोपखाली धरला, बराच वेळ पाहिला आणि गोजराला पुढे बसवलं. फिकट ठिपके दिसले. एकदोन तर पाय काढून सरकत होते.

तारामाशाला हाडं नाहीत, लाल रक्त नाही, बाई सांगू लागल्या, तरी परकं काही घुसलं की हे ठिपके, म्हणजे त्याच्या अंगातल्या पेशी, धावतात, त्याला वेढतात, गिळू पाहतात. आपल्या पुवातही असल्याच असतात. फार पूर्वी पाण्यात एकेकटी पेशी असंच गिळून पोट भरायची. पुढे पुष्कळ पेशी एका शरीरात नांदू लागल्या, तेव्हा काहींनी ती जुनी सवय सोडली नाही. त्यातूनच राखण आली असावी. सगळा उलगडा अजून कुणाला झालेला नाही.

गोजरा शिंगाळ्याच्या काट्याने एकदा पिकलेल्या आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"म्हंजे ही राखन आमच्या आजापनज्याच्याबी आदीची?"

"हाडं असलेल्या सगळ्यांच्या आधीची, गोजराबाई."

बाईंनी वही उघडून काटे कधी काढले ते विचारलं. गोजराला घड्याळ येत नव्हतं. भरतीचं पाणी अर्धं चढलं तेव्हा, ती म्हणाली. बाईंनी तसंच लिहिलं. मग म्हणाल्या, पुढच्या मे महिन्यात पडवी मिळेल का?

"मिलंल," गोजरा म्हणाली. "पन काटा कशाला घातलाय ते आदी सांगा. मंग नाय हात लावनार."