चालू खेळात खांब बदलणारा जीवराम

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर उजेड बेताचाच. एकोणीसशे नव्व्याण्णवचा मे महिना, जळगाव, दुपारचा एक. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालंय. आत, एका धर्मादाय रक्तपेढीच्या मागच्या खोलीत, एसी संथपणे घुरघुरतोय. मधोमध लोखंडी टेबलावर संगणकाची एक उंच पेटी. तिच्या पोटात दोन हिरवे दिवे लुकलुकतात. पेटीसमोर स्टुलावर, पांढरा पायजमा आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून, डोळे अर्धे मिटून बसलाय तो जीवराम. लोक त्याला जीवरामनाना म्हणतात.

त्या घुरघुरीत त्याला नेहमी नाटकाच्या तंबूची कनात ऐकू यायची. वाऱ्यावर फुगणारी, सैल पडणारी, पुन्हा फुगणारी. पारोळ्याच्या या माणसाने बावीस वर्षं एका फिरत्या नाटक कंपनीत पडद्यामागे काढली. महाल उभा करायचा, महाल पाडायचा, त्याच जागी अरण्य लावायचं. तोंडाला रंग कधी लागला नाही, हाताला मात्र रोज लागला.

धरणगावच्या खेळात महालाचा एक खांब बुडापासून तडकला होता. नायिका मंजुळाबाई त्यालाच टेकून विरहाचं पद गात होत्या. दुसऱ्या कुणी पडदा पाडला असता. जीवराम विंगेतून सरपटत मागे गेला आणि कुजबुजला, "बाई, पद चालू द्या, पण दोन पावलं पुढे व्हा. खांब काढतोय." मंजुळाबाई गात गातच पुढे सरकल्या. पद संपेपर्यंत जुना खांब गेला होता, नवा उभा होता. त्या पुन्हा मागे आल्या, टेकल्या. प्रेक्षकांनी टाळी दिली ती पदाला.

आधी सांगायचं, टेकलेल्याला बाजूला होऊ द्यायचं, मग हात लावायचा. जीवरामची एवढीच विद्या.

पुढे गावोगाव व्हिडिओ आला, कंपनी बसली, जीवराम या रक्तपेढीत रखवालदार म्हणून लागला. ही पेटी आली तेव्हा ती बसवायला धुळ्याहून अभिमन नावाचा इंजिनियर आला होता. त्याने मागे उभ्या रखवालदाराला सहज सांगितलं, "नाना, यात दोन डिस्का आहेत. दोघींवर एकच मजकूर. एक बिघडली तर पेटी चालू ठेवूनच ती काढता येते."

"चालू ठेवून?" जीवरामने विचारलं. त्याला झोपेतून हाक मारून उठवल्यासारखं झालं होतं.

मग तो शिकला. इंग्रजी यायचं नाही, पण संवादांच्या नकला पाठ करणाऱ्यांच्या सोबत आयुष्य गेलेलं. कंपनीतल्याच एका जुन्या वहीत, दृश्य बदलांच्या खुणांखाली, त्याने अभिमनच्या आज्ञा देवनागरीत उतरवल्या. कळफलकावरचं एकेक अक्षर शोधत तो त्या मारायचा आणि मारता मारता तोंडाने म्हणायचा. 'स्कझी, रिमूव्ह सिंगल डिव्हाइस, शून्य शून्य एक शून्य.' म्हणजे, एक नंबरची डिस्क विसर. संगणकावर बसणाऱ्या लताबाई हसायच्या. "नाना, तालात म्हणू नका हो. मशीन गाऊ लागेल."

"गाऊ दे की. आवाज चांगला आहे तिचा."

त्या दुपारी मात्र लताबाई हसत नव्हत्या. बाहेरच्या बाकावर हनीफ बसला होता, धरणगावचा गादीवाला, दाढीत अजून कापूस अडकलेला. जवळच्या इस्पितळात त्याची बायको जमीला बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. तिचा गट बी निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची एकच बाटली होती, ती तिला देऊन झाली. दुसरी कुणाच्या तरी अंगात होती, वरणगावात, पारोळ्यात, कुठेतरी. आणि तो कुणी कोण, हे या पेटीत होतं. रक्तदात्यांची कागदावरची यादी दोन वर्षं जुनी. लताबाईंनी तिच्यातले चार फोन लावून पाहिले, चारही बंद.

आणि पेटी अडखळत होती. शोध सुरू केला की एक नाव यायचं, पडदा थिजायचा, आतून किर्र आवाज यायचा, पाच मिनिटांनी पुढचं नाव.

जीवरामने धुळ्याला फोन लावला आणि पडद्यावर आलेली अक्षरं एकेक करून वाचून दाखवली.

"नाना, एक नंबरची डिस्क मरायला टेकलीय," अभिमन म्हणाला. "तीच सगळ्यांना अडवतेय. मला यायला अडीच-तीन तास लागतील."

"बंद करून चालू करू का?"

"अजिबात नको! दुसरीही तितकीच जुनी आहे. थांबून थंड झाली तर पुन्हा फिरेलच असं नाही. नवी डिस्क तयार करून कपाटात ठेवलीय मी. येतं ना तुम्हाला सगळं?"

"येतं," जीवराम म्हणाला.

"आणि नाना, चुकून चांगली ओढलीत तर खेळ तिथेच संपला बरं का."

जीवराम स्टुलावर बसला. एसीची कनात फुगली, सैल झाली. वही मांडीवर उघडी. आधी त्याने दोन डिस्कांच्या जोडीला सांगितलं, एक नंबरला सोड. मग पेटीला सांगितलं, हिला विसर. शून्य शून्य एक शून्य. किर्र आवाज थांबला. पडद्यावर नावं सरसर वाहू लागली आणि लताबाई खुर्चीत पुढे झुकल्या.

"चाललं, नाना! चाललं!"

"तुम्ही शोधत राहा. थांबू नका."

तो पेटीपुढे वाकला. दोन खाचा, दोन खटके, प्रत्येकावर त्याच्याच हातची चिठ्ठी. एकीवर शून्य, दुसरीवर एक. त्याने एकच्या खटक्यावर अंगठा ठेवला. अंगठा किंचित दाबलाही गेला.

पण डोळ्यांना काहीतरी खटकलं. एकचा दिवा लुकलुकत होता, भराभर, लताबाईंच्या प्रत्येक नावाबरोबर. शून्याचा दिवा काळाठिक्कर.

खेळातून गेलेलं पात्र तर गप्प असायला हवं.

"हाई ते आजून बोली राह्यनी!" जीवरामच्या तोंडून घरची अहिराणी निसटली, ही तर अजून बोलतेय! त्याने अंगठा उचलला. 

"काय झालं?" लताबाईंनी मागे न पाहता विचारलं.

"काही नाही. शोधा तुम्ही."

त्याला तो दिवस आठवला. पेटी बसवली तेव्हा अभिमन समोर उभा राहून नंबर सांगत होता, पहिली शून्य, दुसरी एक. जीवराम मागे, तारांच्या बाजूला. बावीस वर्षं त्याने प्रत्येक महाल मागूनच पाहिला होता. त्यामुळे मागून जी पहिली दिसली, तीच त्याने शून्य धरली. तिथूनच त्याने हात पुढे घालून चिठ्ठ्या लावल्या होत्या. चिठ्ठ्या उलट्या होत्या, आणि इतके महिने कुणाला कळलं नव्हतं.

त्याने तरी घाई केली नाही. लताबाईंना हात थांबवायला सांगितलं. दोन्ही दिवे गप्प. "आता शोधा." तोच एक दिवा पुन्हा बोलू लागला, दुसरा गप्पच राहिला. मग जीवराम गप्प दिव्याकडे वाकला आणि कुजबुजला, "बाई, दोन पावलं पुढे व्हा," आणि खटका दाबून ती डिस्क ओढली.

नावं वाहतच राहिली. पंख्यांचा आवाजही बदलला नाही.

गरम डिस्क त्याने पंच्यात गुंडाळून बाजूला ठेवली, नवी खाचेत सरकवली, टक् असं ऐकू येईपर्यंत. पेटीला सांगितलं, बघ, कोण आलंय. मग जोडीला सांगितलं, हिला घे. जुनी नवीला सगळं सांगू लागली, टक्क्या-टक्क्याने, आणि दोन्ही दिवे मिळून लुकलुकू लागले. जीवराम डोळे अर्धे मिटून ऐकत राहिला. कुठेतरी मंजुळाबाई मागे आल्या आणि टेकल्या.

"सापडला!" लताबाईंनी फोन उचलला. "चुडामण, वरणगावच्या कारखान्यात. बी निगेटिव्ह. फोन शेजाऱ्यांचा दिसतोय."

साडेतीनला चुडामण घामाने निथळत मोटारसायकलवरून उतरला आणि बाही वर करतच आत शिरला. सहा वाजता हनीफ परत आला.  "रक्त थांबलं, ताई," तो म्हणाला. "बोलली माझ्याशी. पोरगी दाखव म्हणाली."

लताबाईंनी मागच्या खोलीकडे बोट केलं. "नानांना सांगा. त्यांनीच..."

हनीफ दारात उभा राहिला. आत जीवराम पेटीपुढे उकिडवा बसला होता, नखाने दोन जुन्या चिठ्ठ्या खरवडत. हनीफने हात जोडले. जीवरामनेही जोडले, बोटांना चिकटलेल्या दोन्ही चिठ्ठ्यांसकट, आणि अवघडून हसला. मग लताबाईंकडे वळून त्या दिवशीचं शेवटचं बोलला ते एवढंच:

"बाई, डिंकाची बाटली द्या जरा. या वेळी समोर बसून लावतो."