आमचे व्याही आणि चार वर्षांचं टपाल

आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देणारा माणूस या जगात एकच उरला आहे, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. हे मी कौतुकानं सांगते की तक्रारीनं, ते माझं मलाही पुष्कळदा कळत नाही. लग्नाची पत्रिका आली की आपण तारीख बघतो आणि ती फ्रिजवर ठेवून देतो. आमचे व्याही पोच पाठवतात. वाढदिवसाला बँकेकडून मोबाइलवर आपोआप संदेश येतो, त्यालाही 'आपले शुभेच्छापत्र मिळाले, आभारी आहे' असं उलट टपाली कळवतात. एकदा कुणाचा तरी चुकून त्यांना फोन आला, कुण्या ट्रॅक्टरवाल्याची चौकशी करणारा. दुसऱ्या दिवशी यांनी स्वतः त्या नंबरावर फोन लावला आणि विचारलं, "भाईसाहब, कल आप जिन्हें ढूँढ रहे थे, वे मिल गए?" तो गृहस्थ इतका गहिवरला की दर दसऱ्याला यांना आठवणीनं शुभेच्छा देतो, आणि अर्थातच त्याला पोच जाते.

सगळी नोकरी त्यांनी इथेच झाशीत एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर काढली. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर यांनी ते परत करून तारखेचा जुना रबरी शिक्का मागून घेतला. तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर तो उमटतो. संक्रांतीला आम्ही पाठवलेल्या तिळगुळाच्या डब्यावरसुद्धा मी तो पाहिला आहे. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या यजमानांनी त्यांना दोन ओळींची चिठ्ठी पाठवली होती, की रविवारी पोरीला बघायला या आणि पोहे चालतील ना ते कळवा. उत्तर आलं ते मुद्देसूद. 'मुद्दा क्रमांक एक : येतो. मुद्दा क्रमांक दोन : चालतील. शेंगदाणे वगळावेत.' यजमान ते उत्तर वाचून इतके हसले की त्यांनी तिथल्या तिथे लग्न पक्कं केलं.

आता आमच्या दुकानाचं सांगते. मानिक चौकातल्या एका गल्लीत आमचं मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाल्याचं छोटंसं दुकान आहे. पाकिटावर नाव 'वैनी'. ही वैनी म्हणजे मीच. धाकटे दीर मला तसं हाक मारायचे आणि ह्यांनी तेच नाव छापून आणलं. कुटणं, भाजणं, दळणं माझ्याकडे होतं आणि फेसबुकचं पेज ह्यांच्याकडे. झाशीत मराठी घरं ती किती, पण पेजमुळे हिंदी घरांतल्या सुनाही चकलीची भाजणी न्यायला लागल्या होत्या. चार वर्षांपूर्वी दिवाळीत ह्यांनी तिथे लिहिलं, 'दीपावली की शुभकामनाएँ, ताज़ी चकली तैयार है', आणि तुळशीच्या लग्नाआधीच हे गेले. पुढे होळी आली, राखी आली, उन्हाळे नको नको करून गेले, पण आमच्या पेजवर चार वर्षं दिवाळीच चालू होती. तिथला फोन नंबरही ह्यांचाच, तो बंद झालेला.

गेल्या मार्गशीर्षात चौकात एक जुनी गिऱ्हाईक बाई भेटली. मला बघून तिनं कपाळाला हातच लावला. "अरे भाभीजी, आप! हमने तो समझा दुकान बंद हो गई. पेज पे तो कुछ आता ही नहीं." दुकान तिच्या पाठीमागे वीस पावलांवर होतं आणि किल्ली माझ्या हातात होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. मुलगी पुण्याहून कधीची म्हणतच होती, की आई, आता पुरे, पाटी उतरव आणि आमच्याकडे ये. शेवटी गुढीपाडव्यापर्यंतची मुदत ठरली. पाडव्यापर्यंत गिऱ्हाईक परतलं तर ठीक, नाहीतर 'वैनी' संपली. "निदान ते जुनं सगळं उडव आणि कोरं पेज सुरू कर," ती म्हणाली, "सगळे तेच सांगतात." ही हकीकत विहीणबाईंच्या कानावर गेली. त्या म्हणाल्या, "आमचे हे दिवसभर घरी बसून माझ्या वाणसामानाच्या याद्यांना उत्तरं देतात. त्यांनाच पाठवते तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला आमचे व्याही दुकानात हजर. अंगात कोट, बगलेत भलंमोठं रजिस्टर, खिशात शिक्का. मी ह्यांचा फोन कपाटातून काढून चार्ज केला होता. त्यात पेज उघडंच होतं. पण नुसता फोन ते हातात घेतील तर शपथ. "विहीणबाई, आधी चार्ज द्या," ते म्हणाले. मी म्हटलं, केलाय की चार्ज. तर तसं नव्हे. कचेरीत एका टेबलाचा कारभार दुसऱ्याकडे सोपवतात, तो चार्ज. 'पेज एक, छायाचित्रे एकोणीस, स्थिती जुनी परंतु सुस्थितीत' अशा कागदावर त्यांनी माझी सही घेतली आणि मगच खुर्ची पुढे ओढली. पेजवरच्या मोठ्या फोटोत ह्यांनी मेतकुटाचं पाकीट हातात धरलं होतं आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला होता. मुलीनं फोनवरून सांगितलं, की बाबांचा अंगठा फार वाईट दिसतो, आधी तो फोटो बदला. व्याही शांतपणे म्हणाले, "सूनबाई, अंगठा रेकॉर्डवर आहे. रेकॉर्ड नष्ट करता येत नाही." मी पाठ वळवून डबे पुसत राहिले, कारण तो अंगठा जाऊ नये असं मलाही वाटत होतं आणि ते बोलायचा धीर मला झाला नव्हता.

मला वाटलं, आता झकास नवे फोटो पडतील. छे! रजिस्टर उघडून त्यांनी रकाने आखले : अनुक्रमांक, दिनांक, नाव, विषय, विलंबाचे कारण. आणि म्हणाले, "पहले पेंडिंग, बाद में नया. चार वर्षांचं टपाल पडून आहे. लोकांनी विचारलंय आणि आपण बोललो नाही, आणि आता आपणच जाऊन त्यांना 'या या' म्हणायचं? शोभतं का?" एकेक जुनी कमेंट ते नोंदवायचे, तारीख शिक्क्यानं मारायचे आणि एका बोटानं उत्तर टाइप करायचे. पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळीवर मात्र त्यांनी टाचणीनं कागदाची पट्टी लावून ठेवली होती. मी म्हटलं असेल कचेरीतली काही रीत. विलंबाच्या रकान्यात ओळीनं एकच लिहिलेलं असायचं, 'पेज-संचालकाचे निधन'. चार वर्षांत हे शब्द मी कुठे लिहिलेले पाहिले नव्हते. पहिले दोन दिवस मला त्या रकान्याकडे बघवलंही नाही.

उत्तरं मात्र वाचण्यासारखी होती. चार वर्षांपूर्वी कुणी 'हैप्पी दिवाली' लिहिलं होतं, त्याला गेलं, 'आपकी शुभकामनाएँ प्राप्त हुईं. विलंब हेतु खेद है. आपको भी उसी वर्ष की दीपावली की हार्दिक शुभकामनाएँ.' कुणी विचारलं होतं, दुकान रविवारी उघडं असतं का? 'जी हाँ. आपके प्रश्न के बाद से प्रत्येक रविवार खुली रही है.' कुणी नुसता हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, त्याला 'आपका नमस्कार यथावत् स्वीकृत' असं कळवण्यात आलं. दीड वाजता डबा, दोनला पुन्हा काम, पाचला रजिस्टर बंद, दुसऱ्या शनिवारी पेजला सुट्टी. माघ असाच उलटला. इकडे पाडवा जवळ येतोय आणि व्याही गेलेल्या दिवाळ्यांना शुभेच्छा देताहेत! माझा संयम सुटला. "व्याहीसाहेब," मी म्हटलं, "घर जळतंय आणि तुम्ही पाण्याच्या बादलीवर शिक्का मारताय." ते जराही रागावले नाहीत. माझं बोलणं त्यांनी 'तोंडी तक्रार' म्हणून नोंदवून घेतलं.

मग निघाली चिरगाँवची कमेंट. तीन वर्षांपूर्वी तिथल्या एका मराठी घरातल्या हिंदी सुनेनं लिहिलं होतं, 'अम्माजी के दाँत नहीं रहे, नरम भात के साथ मेतकूट माँगती हैं. चिरगाँव भेज सकते हैं क्या?' व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "याचं उत्तर लिहून भागणार नाही," असं म्हणून दोन पाकिटं पिशवीत टाकून, रजिस्टर बगलेत मारून ते बसस्टँडकडे निघाले. मी मागून ओरडले, की तीन वर्षं झाली, त्या म्हाताऱ्या आता असतील की नसतील! ते वळून म्हणाले, "ते जाऊनच कळेल. आणि नसतील तर तसं नोंदवावं लागेल."

पुढचं मला त्या सुनेनंच नंतर सांगितलं. चिरगाँवात मराठी घर कुठलं, असं विचारत विचारत ते पोचले. दार उघडते तो समोर कोटवाला माणूस, आणि विचारतो, "आपने मेतकूट के लिए लिखा था?" ती बिचारी लिहिलेलं कधीच विसरून गेली होती, तिला वाटलं, जनगणनेवाले. आतल्या खोलीतून सासूबाईंनी आवाज दिला, "कोण आलंय गं?" म्हणजे होत्या. चांगल्या खणखणीत होत्या. लगेच भात लागला, त्यावर तूप आणि मेतकूट पडलं, आणि म्हातारीनं दोन घास मिटक्या मारत खाऊन निकाल दिला, "मीठ कमी आहे. पण वास माझ्या माहेरचा आहे." व्याह्यांनी उभ्याउभ्याच रजिस्टर उघडून दोन्ही वाक्यं टिपली, पहिलं तक्रारीत आणि दुसरं अभिप्रायात. ती सून हसून हसून बेजार झाली. तिनं अंगणातला त्यांचा रजिस्टरसकट फोटो काढला आणि पेजवर टाकला, 'तीन साल बाद जवाब आया, जवाब देने वाले खुद आए!'

त्या फोटोनं काय केलं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. लोक आमच्या पेजवर आले आणि जुनी उत्तरं खाली खाली वाचत सुटले. ग्वाल्हेरच्या, सागरच्या मराठी घरांतून विचारणा सुरू झाली. कुणी मुद्दामच लिहायचं, 'महोदय, कृपया मेरे नमस्कार की पावती दें.' त्यांनाही पावती मिळायची. आता कुठे व्याह्यांनी नव्या पोस्टी सुरू केल्या. 'सर्वसाधारण को सूचित किया जाता है कि चकली की भाजणी आज प्रातः पिसकर आ गई है. घर का डिब्बा साथ लाएँ.' खाली शिक्क्याचा फोटो. बायका दुकानात येऊन आधी विचारत, "वो जवाब वाले अंकल कहाँ हैं?" आणि ते उठून उभे राहत, कोटाचं बटण लावत, मग नमस्कार करत. कपाळाला हात लावणारी ती बाईही आली. तिनं शेजारणीला ठणकावून सांगितलं, "बंद-वंद कुछ नहीं हुई थी. हमें तो पता था."

पाडव्याला सकाळी मी दुकानाच्या दारात गुढी उभारली. मुलगी आणि जावई पुण्याहून आले होते ते पाटी उतरवायला, पण गल्लीच्या तोंडाशीच अडकले. मुलगी पुढे घुसू लागली तर कुणीतरी तिला अडवलं, "बहनजी, लाइन से आइए!" माझी लेक स्वतःच्या आईच्या दुकानात रांगेत उभी राहून आली. आत आल्यावर ती बराच वेळ पेजवरच्या मोठ्या फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, बाबांचा अंगठा राहू दे." मी तिच्या सासऱ्यांसमोर तिला कवेत घेतलं, आणि पाडव्याला रडू नये हे ठाऊक असूनही रडले.

दुपारी गर्दी ओसरल्यावर व्याह्यांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. "सगळं निकाली निघालं, विहीणबाई. एक राहिलंय." त्यांनी पहिल्या पानावरची टाचणी काढली, पट्टी बाजूला केली. अनुक्रमांक एक. पेज सुरू झालं त्या दिवशीची, पहिल्याच फोटोखालची कमेंट, ह्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलेली : 'अगं, दिसतंय का? दिसलं तर इथेच खाली लिही.'

मला तो दिवस लख्ख आठवला. हे बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसलेले, मी आत परातीत भाजणी कालवत होते. "लिहिलंय बघ गं!" ते म्हणाले, आणि मी न बघताच आतून ओरडले, "हो हो, दिसतंय!" बघितलं मी कधीच नाही. पुढे राहूनच गेलं.

"सर्वांत जुनं आधी घ्यायचं, हा नियम मी इथे मोडला," व्याही खाली बघत म्हणाले. "पण हे टपाल तुमच्या नावचं आहे. मला अधिकार नाही."

मी पदराला हात पुसले, माझा फोन घेतला, आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'दिसतंय.'

व्याह्यांनी तारखेचा शिक्का मारला. पेन उघडून शेवटच्या रकान्यावर नेलं आणि नेहमीच्या कचेरीतल्या आवाजात, पण जरा हळू, विचारलं, "विलंबाचं कारण काय लिहू?"

"लिहा," मी म्हटलं, "हात पिठात होते."

त्यांनी तसंच लिहिलं.