माझ्या खुर्चीत ती

मुलुंडच्या छापखान्यातली नोकरी मी सोडली तेव्हा तिथे मला अकरा वर्षं झाली होती. औषधांच्या खोक्यांवर आणि आतल्या घडी घातलेल्या कागदावर जो बारीक मजकूर असतो, तो छपाईला जाण्याआधी तपासायचा हे आमचं काम. गोळी कधी घ्यायची, कोणी घेऊ नये, कुठे ठेवायची. तो कोणी धड वाचत नाही, पण त्यातलं एक अक्षर चुकलं तर सगळा माल परत येतो. आम्ही चौघी होतो. मी सगळ्यांत जुनी, म्हणून शेवटची सही माझी.

शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसायची. मालवणकडची. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर हे सगळे परळ सोडून मुलुंडला आले. लग्नानंतरही ती मुलुंडमध्येच राहिली, माझ्या समोरच्या इमारतीत. सकाळी आम्ही बरोबरच चालत कामावर जायचो. मी तपासायचे, ती पुन्हा तपासायची, मग मी सही करायचे. अकरातली नऊ वर्षं असंच चाललं होतं आणि तिला त्यात काही वाटत असेल असा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

औषधांचीच पत्रकं बनवणाऱ्या अंधेरीच्या एका कंपनीचा फोन आला तेव्हा मी हुरळले, हे खरं आहे. काचेचं ऑफिस, लिफ्टमधून बाहेर पडलं की समोर झाडांची भिंत. मुलाखत घेणारा मॅनेजर माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान होता. तो म्हणाला, "आमच्याकडे सर-मॅडम नाही. सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. आपण एक फॅमिली आहोत." मला ते फार आवडलं. छापखान्यात आम्ही मालकांना काका म्हणायचो आणि ते आम्हाला 'पोरींनो' म्हणायचे. मला त्या वयात पोर म्हणवून घ्यायचा कंटाळा आला होता.

मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "झकास. जा तू. मला बोलावलं असतं ना, तर मी पण गेले असते."

माझी जागा तिला मिळाली. जाण्याआधी दोन आठवडे बसून मी तिला एक वही लिहून दिली. कोणतं गिऱ्हाईक कसं आहे, कोणाची फाइल उघडताना काय जपायचं, सगळं.

अंधेरीत पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की मी फसलेय. मॅनेजर सकाळी दहाला एक सांगायचा, दुपारी एकला त्याच्या उलट, आणि चार वाजता विचारायचा की दहाला सांगितलेलं अजून का झालं नाही. हे विचारायचा ऑफिसच्या फोनवरच्या ग्रुपवर, चाळीस जणांसमोर, खाली हसरा चेहरा टाकून. दर शुक्रवारी सगळ्यांनी उभं राहून कोणाबद्दल तरी एक चांगली गोष्ट सांगायची पद्धत होती. मी ज्या बाईचं कौतुक केलं, तिचं नाव मला त्या दिवशी सकाळी कळलं होतं. डबा उघडला तर वास येतो म्हणून सांगण्यात आलं. लोक कानात हेडफोन घालून स्क्रीनसमोर बिस्किटं खायचे. कोणी सोडून गेलं तर त्याचा निरोपसमारंभ नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून नाव गायब व्हायचं आणि त्याच्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

मी घरी काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? सगळ्या नातेवाइकांना मीच फोन करून अंधेरी, अंधेरी केलं होतं.

आणि ती मात्र खुलत होती. शनिवारी भाजी घेताना भेटली की तिचं सुरू. काकांनी तिला नवीन मोठा स्क्रीन आणून दिला. मजकूर उभं राहून वाचायची पद्धत तिने काढली, त्याने मान दुखत नाही. एक गिऱ्हाईक फक्त तिच्याशीच बोलतं म्हणे. बोलताना ती कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून बघायची आणि मी तिच्याकडे बघत राहायचे. तिने चष्मा बदलला होता. ती पूर्वी वाकून चालायची, आता तशी चालत नव्हती. मला वाटायचं, हे सगळं माझं आहे. ती खिडकीजवळची जागा माझी, ते गिऱ्हाईक मी सांभाळलेलं, ती चाल पण माझीच. माझ्या पोटात दुखायचं आणि मी म्हणायचे, "छान गं."

दसऱ्याला छापखान्यात यंत्रांची पूजा असते आणि जुन्या माणसांनाही बोलावतात. मी गेले. खरं सांगायचं तर आशेने गेले. काका मला बघतील आणि म्हणतील, ये परत. काकांनी हातावर पेढा ठेवला, घरच्यांची चौकशी केली, म्हणाले, "तू गेलीस तेव्हा मला धाकधूक होती. पण हिने काय सांभाळलंय बघ." ती मोठ्या मशीनला झेंडूची माळ बांधत होती. मी खुर्चीकडे पाहिलं. पाठीला तिची शाल टाकलेली होती.

पूजा झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "त्या मलमवाल्यांचं काम पुढच्या आठवड्यात येतंय. वहीत सगळं आहे, पण तुझ्या डोक्यात असलेलं काही राहिलंय का गं सांगायचं?"

राहिलं होतं. ते लोक हिंदीचा मजकूर फार जुन्या फॉन्टमध्ये पाठवायचे. आपल्याकडे फाइल उघडली की स्क्रीनवर सगळं बरोबर दिसायचं, पण कागदावर काढताना किंवा छपाईची प्लेट करताना रफार गळून पडायचे. 'वर्ष'चं 'वष' व्हायचं. मी पहिल्याच वर्षी ते पकडलं होतं आणि तेव्हापासून दर वेळी काम मशीनवर चढण्याआधी मी एकटीच एक प्रत कागदावर काढून वाचायचे. सवयच इतकी झाली होती की वहीत लिहायचं राहून गेलं. ते विसरणं खरं होतं. पण त्या दिवशी ती विचारत होती तेव्हा मला लख्ख आठवलं.

"नाही," मी म्हटलं. "सगळं लिहिलंय."

पुढच्या सोमवारी अंधेरीत मीटिंग होती. एका पत्रकात दिवसातून दोनदाऐवजी तीनदा छापलं गेलं होतं. गिऱ्हाइकाने शेवटच्या क्षणी बदल कळवला होता, मी मॅनेजरला जाऊन विचारलंही होतं, आणि तो म्हणाला होता की वेळ नाही, जुनंच जाऊ दे. त्याच्या टेबलाशी तेव्हा आमची आणखी एक सहकारी उभी होती. आता मीटिंगमध्ये त्याने ते पान मोठ्या स्क्रीनवर लावलं आणि माझं नाव घेऊन म्हणाला, "हे हिने पाहिलंय. हिलाच विचारू."

मी म्हटलं, "मी तुला विचारलं होतं. तू जाऊ दे म्हणालास."

"मेल आहे का?" तो शांतपणे म्हणाला.

मेल नव्हता. मी त्या सहकारी बाईकडे पाहिलं. ती लॅपटॉपमध्ये काहीतरी टाइप करत राहिली. नंतर लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो तेव्हा ती म्हणाली, "इथे तोंडी काही धरायचं नसतं. लेखी घ्यायचं. तुला कोणी सांगितलं नाही का?"

कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याआधी त्या जागेवर जी बाई होती तिला हे माहीत असणारच. तिनेही कोणाला सांगितलं नाही आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात गुरुवारी मैत्रिणीचा फोन आला. आवाज बसलेला. मलमाची खोकी छापून निघाली होती, बराच ढीग झाल्यावर मशीनवाल्याच्या लक्षात आलं की 'वष' छापलंय. मी फोन कानाला लावून बसस्टॉपवर उभी होते. मनात पहिलं काय आलं ते मला लिहायला लाज वाटते. मला वाटलं, बरं झालं. आता काका तिला बोलतील. आता त्यांना माझी आठवण येईल.

"मग काका काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार? मशीन थांबवली, चहा मागवला. सगळ्यांना बसवलं नि म्हणाले, कुठे घसरलं ते शोधू. दोन तास शोधलं यार. फॉन्टचं निघालं. आता कागदावर काढून वाचल्याशिवाय प्लेट द्यायची नाही, असं मीच लिहून भिंतीला लावलं. गिऱ्हाइकाशी ते स्वतः बोलले. म्हणाले, चूक आमच्या छापखान्याची आहे. माझं नाव नाही घेतलं गं."

ती हे सांगताना रडत होती, पण ते रडणं बरं वाटल्याचं होतं. माझ्यासमोरून माझी बस निघून गेली. मी हात केला नाही.

रविवारी मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात खाली बसून कोलंबी सोलत होती. मीही बसले आणि ताटातली मूठभर माझ्याकडे ओढली. थोडी सोलून झाल्यावर मी म्हटलं, "मला ते फॉन्टचं माहीत होतं. दसऱ्याला तू विचारलंस तेव्हा मला आठवलं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. काळा दोरा काढून तिने बाजूला टाकला. पुढची उचलत म्हणाली, "माका वाटलाच होता." रागावली की ती मालवणीत जायची. मग पुन्हा साधं बोलली. "वहीत पंखा कुठल्या बटणावर चालतो ते पण लिहिलंस तू. हेच कसं राहील?"

मी अंधेरीचं सगळं सांगितलं. ग्रुप, शुक्रवार, मीटिंग. सांगता सांगता वाटलं की मी सबब सांगतेय, म्हणून मध्येच थांबले.

"तुला ते नेमणुकीचं पत्र आलं ना अंधेरीचं," ती म्हणाली, "तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. नऊ वर्षं तुझ्या मागून वाचत होते मी. तू एकदा तरी म्हणालीस, आज तू सही कर? पण मी तुझं काही लपवलं नव्हतं."

ताटातली कोलंबी संपेपर्यंत मी सोलत राहिले. तिने जेवून जा म्हटलं नाही. मी हात धुतले, तरी वास राहिला, आणि रस्ता ओलांडून घरी आले.

अंधेरी मी दोन महिन्यांनी सोडली. राजीनामा दिल्यावर मॅनेजर म्हणाला, "आपण फॅमिली आहोत, बोलायला हवं होतंस." मी म्हटलं, "लेखी देते." दुसऱ्या दिवशी माझंही नाव ग्रुपवर नव्हतं. आता घाटकोपरला शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका लहान जागी तपासायचं काम करते. काम बरं आहे, माणसं बरी आहेत, खुर्ची दाराजवळ आहे आणि येणारा-जाणारा धडकतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांत जुन्या बाईंना मी विचारलं की कुठल्याही वहीत नसलेलं काही आहे का. त्यांनी अर्धा तास सांगितलं.

मैत्रीण भेटते. पूर्वीसारखं रोज नाही. कामाचं काही विचारायचं असेल तर आता ती मेसेज लिहून विचारते आणि मी लिहूनच उत्तर देते, सविस्तर, काही न वगळता. गेल्या महिन्यात तिने सांगितलं की काकांनी आणखी दोन मुली घेतल्यात आणि त्यांना शिकवायचं काम तिच्याकडे दिलंय. तेव्हा पोटात दुखलंच. मी छान म्हटलं नाही. म्हटलं, "मला जळायला होतंय गं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारायला लागली.