सर्वांच्या घरी जाण्याची योजना

वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी समाजकार्याची पदवी घेतली. वर्गात कधी प्रश्न विचारला नाही, टिपणे मात्र नेटकी काढली. त्यांतले एक वाक्य मी अधोरेखित केले होते: संबंधित व्यक्तीशी एकांतात बोलावे. बोदलकशाच्या तलावाजवळच्या ज्या गावात मला काम मिळाले, तिथे एकांत कुठे मिळतो, हे कोणी सांगितले नव्हते. कुडव्याच्या माझ्या घरून निघालेली स्कूटर कुणाच्या दारी थांबली, की शेजारीण ओट्यावरूनच विचारी, "काऊन जी मॅडम, काय भानगड झाली त्यायच्या घरी?"

एकदा बचत गटाच्या बैठकीनंतर एका सुनेने मला गाठले. लग्नामुळे तिचे नर्सिंगचे शेवटचे वर्ष राहून गेले होते. कॉलेज पुन्हा प्रवेश द्यायला तयार होते; अडले होते ते सासऱ्यांपाशी.

"तुमी बोला जी मामाजीसंग. पण मी सांगतलं हे त्याईले समजलं, त संपलंच!"

तिचा शब्द राखायचा आणि सासऱ्यांशी बोलायचेही, म्हणून मी ठरवले की तिच्या गल्लीतल्या प्रत्येक घरी जायचे आणि कोण किती शिकले हे सगळीकडे विचारायचे. मग तिच्या घरी गेल्याची बातमी होणार नव्हती. योजना शास्त्रशुद्ध होती. मी मात्र मुळातच भिडस्त. साऱ्या घरांचा चहा पिऊन झाला, तरी त्या एका दाराशी आले की धीर सुटे आणि स्कूटर पुढे निघून जाई.

अखेर एके सकाळी सासरेच रस्त्यात आडवे उभे राहिले. "आमचं घर गावाबाहेर हाय का जी? साऱ्यायच्या घरी बसता, आन् आमच्याच दारावरून भुर्रकन जाता!"

मी ओशाळून आत गेले. सासूबाईंनी खुर्ची पुसून दिली. मी ठरलेला प्रश्न विचारला.

"सून नर्स हाय आमची," ते ऐटीत म्हणाले.

"अर्धी," सासूबाई म्हणाल्या. "माह्या गुडघ्याले पट्टी बी अर्धीच बांधंल का?"

"मंग मी कवा नाही म्हटलं?"

"रोजच म्हणता."

ते घाईने माझ्याकडे वळले. "मॅडम, मधातच सोडलेल्या पोरीले कॉलेजवाले परत घेतात का?"

"घेतात," मी म्हणाले. इतक्या वर्षांच्या वाचनातून त्या क्षणी मला तेवढेच सुचले.

"कवापर्यंत जा लागते?"

मी तोंड उघडण्याआधीच चुलीपासून उत्तर आले, "सोमवारपर्यंत, मामाजी."

त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग सासूबाईंना म्हणाले, "सोमवारी डबा लवकर करजो. मीच सोडून देतो हिले."